बाबांची अर्धी गोळी मुलाला द्यावी का?

पत्र : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. उंची 160 सेंटिमीटर, वजन 74 किलो, कंबर 94 सेंटिमीटर. परवा त्याचं रक्त तपासून आणलं. घरून निघताना तो कॉफी पिऊन गेला होता. एकूण कोलेस्टेरॉल 196, ट्रायग्लिसराइड 212, एचडीएल 34, एलडीएल 120, एएलटी 58 आणि एचबीए1सी 5.7 आलं. एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएलपुढे ‘नॉर्मल’ छापलंय. माझे मिस्टर 43 वर्षांचे आहेत, त्यांना कोलेस्टेरॉलसाठी रोज एटोरव्हास्टॅटिनची गोळी आहे. त्यांच्या थोरल्या भावाची 51व्या वर्षी बायपास झाली. त्याच गोळीतली अर्धी मुलाला दिली तर चालेल का? सासूबाई म्हणतात, उंची वाढली की आपोआप बारीक होईल. मी अंडी, लोणी, सायीचं दूध सगळं बंद केलंय. त्याऐवजी सकाळी पॅकबंद ज्यूसचा मोठा ग्लास देते. क्लासहून येताना तो अर्ध्या लिटरची कोल्ड्रिंकची बाटली पितो, तेवढं चालवून घेते. त्याच्या मानेवर काळेपणा आलाय, तो घासूनही जात नाही. धाकट्या मुलीचंही (वय 10) रक्त तपासून घ्यावं का?

उत्तर : गोळी देऊ नका, अर्धीही नको. ती प्रामुख्याने एलडीएल (धमन्यांत साचणारं ‘वाईट’ कोलेस्टेरॉल) खाली आणते आणि तुमच्या मुलाचं मुख्य दुखणं एलडीएल नाही. पण रिपोर्ट नॉर्मल आहे असंही समजू नका. लॅबने त्यावर मोठ्या माणसांच्या मर्यादा छापल्या आहेत. 10 ते 19 वयाच्या मुलांसाठी वेगळे आकडे वापरतात, ते असे (सगळे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये). एकूण कोलेस्टेरॉल 170च्या आत हवं, 200पासून जास्त. एलडीएल 110च्या आत हवं, 130पासून जास्त. ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) 90च्या आत हवेत, 130पासून जास्त. एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) 45च्या वर हवं, 40च्या खाली गेलं की कमी. म्हणजे लॅबने ‘नॉर्मल’ म्हटलेले 196 आणि 120 हे दोन्ही आकडे मुलाच्या वयाला काठावरचे आहेत. ट्रायग्लिसराइड तर ‘जास्त’च्या रेषेपेक्षाही बरेच वर आहेत.

आता कॉफीचं. ट्रायग्लिसराइडची तपासणी 9 ते 12 तास पोटात पाण्याशिवाय काही नसताना करायची असते. दूध-साखरेच्या कॉफीने तो आकडा थोडा चढलेला असू शकतो. एलडीएलचा आकडा बहुतेक लॅब थेट मोजत नाहीत, हिशोबाने काढतात : एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करायचा. तुमच्या रिपोर्टमध्येही 196 वजा 34 वजा 42, म्हणजे 120, असंच केलेलं दिसतं. ट्रायग्लिसराइड चुकले की एलडीएलही चुकतं. पण एक आकडा उपाशीपोटाच्या अटीतून सुटतो, तो लॅब अनेकदा छापतही नाही : नॉन-एचडीएल, म्हणजे एकूणातून एचडीएल वजा केलेलं. मुलाचं 162 येतं. या वयात ते 120च्या आत हवं, 145पासून पुढे जास्त. तेव्हा ‘कॉफीमुळे आलं असेल’ म्हणून सोडून देता येणार नाही.

तपासणी पुन्हा करा. पहिल्या वेळेनंतर किमान 2 आठवडे आणि फारतर 3 महिन्यांनी, रीतसर उपाशीपोटी, आणि दोन्हींची सरासरी धरा. मध्ये ताप किंवा मोठं इन्फेक्शन झालं तर काही आठवडे थांबा. आजारपणात ट्रायग्लिसराइड वर जातात आणि कोलेस्टेरॉल खाली येतं, त्यामुळे चित्र उलटसुलट होतं.

मानेच्या काळेपणाबद्दल आधी सांगतो, कारण बाकीच्या सगळ्याची किल्ली तिथेच आहे. तो मळ नाही, घासू नका. मानेवर, काखेत, जांघेत मखमलीसारखी जाड काळसर त्वचा येते ती बहुतेक वेळा रक्तात इन्सुलिन फार वाढल्यामुळे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून स्वादुपिंड ते जास्त सोडतं. पोटाच्या चरबीलाही इन्सुलिन ‘आता विरघळू नकोस’ म्हणून थांबवत असतं. ती दाद देईनाशी झाली की चरबीतली फॅटी आम्लं सारखी यकृताकडे वाहत राहतात. जेवणातली जास्तीची साखर आणि पिष्टही यकृत चरबीत बदलतं. मग यकृत हा माल ट्रायग्लिसराइडने भरलेल्या कणांत बांधून रक्तात सोडतं आणि उरलेला स्वतःच्या पेशींत साठवतं. एचडीएलच्या कणांत ट्रायग्लिसराइड शिरले की ते कण लवकर मोडतात, म्हणून एचडीएल उतरतं. एलडीएलचा आकडा फारसा वाढत नाही, पण त्याचे कण बारीक आणि घट्ट होतात, आणि हेच कण धमन्यांना जास्त त्रास देतात. ट्रायग्लिसराइड 212, एचडीएल 34, एएलटी (यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) 58, एचबीए1सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) 5.7 आणि काळी मान, हे पाच वेगळे आजार नव्हेत. एकाच बिघाडाची ही पाच तोंडं असण्याची शक्यता सर्वांत जास्त.

एएलटीलाही वेगळी मर्यादा लागते. लॅबच्या कागदावर साधारण 40 ते 45पर्यंत नॉर्मल असतं. किशोरवयीन मुलग्यांसाठी मात्र 26 आणि मुलींसाठी 22 धरतात. 58 म्हणजे दुपटीहून जास्त. तीन महिन्यांनंतरही ते दुपटीच्या वरच राहिलं तर फॅटी लिव्हर असं गृहीत धरून गप्प बसू नये. हिपॅटायटिस बी आणि सी, तांब्याच्या चयापचयाचा विल्सन आजार, यकृताची ऑटोइम्यून सूज ही कारणं डॉक्टरांनी तपासून वगळायला हवीत. एचबीए1सी 5.7 ही पूर्वमधुमेहाची पहिली पायरी (5.7 ते 6.4), 6.5पासून मधुमेह. लोहाची कमतरता असेल तर हा आकडा खोटा वर दिसू शकतो, म्हणून दुसऱ्या वेळी उपाशीपोटीची साखर आणि हिमोग्लोबिनही पाहा.

आता तुम्ही काय बंद केलंत आणि काय चालू ठेवलंत ते बघू. अंडी, लोणी, साय बंद झाली, पण ज्यूस आणि कोल्ड्रिंक राहिलं. या रिपोर्टसाठी हे नेमकं उलटं झालं. अर्ध्या लिटर कोल्ड्रिंकमध्ये सुमारे 53 ग्रॅम साखर असते, 250 मिलिलिटर ज्यूसमध्ये 25च्या आसपास. दोन्ही मिळून 78 ग्रॅम, म्हणजे पंधरा-सोळा चहाचे चमचे, 300हून जास्त कॅलरी, आणि पोट भरल्याची जाणीव जवळजवळ शून्य. या वयात अशी मोकळी साखर दिवसाला 25 ग्रॅमच्या आत ठेवावी. ज्यूसच्या पाकिटावर ‘साखर घातलेली नाही’ लिहिलेलं असलं तरी फळातली साखर चोथ्यातून सुटून आलेलीच असते. यकृताला फरक कळत नाही. फळ मात्र अख्खं, चावून खाल्लं तर खुशाल द्या. आणि चरबी काढून टाकलेल्या घरात तिची जागा हमखास पांढरा ब्रेड, बिस्किटं, गोड दही आणि जास्तीचा भात घेतात. त्याने ट्रायग्लिसराइड उलट चढतात.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांत एकच बदल करा : घरात आणि घराबाहेर गोड पेय नाही. पाणी, साधं दूध, बिनसाखरेची कॉफी. कोल्ड्रिंक ‘कमी करू’ म्हटलं की ते चार दिवसांत परत येतं, पूर्ण थांबवलं तर निभतं. घरात बाटली ठेवायची नाही, मोठ्यांसाठीही नाही. क्लासहून येताना त्याला खरंच भूक आणि तहान लागलेली असते, त्याची सोय मात्र आधी करावी लागेल : दप्तरात पाण्याची बाटली, मूठभर (सुमारे 30 ग्रॅम) बिनमिठाचे बदाम-अक्रोड किंवा शेंगदाणे, एक फळ. ही सोय न करता नुसती बंदी घातली तर तो बाहेर पिऊन येईल आणि घरी सांगणार नाही.

त्यानंतर ताट. निम्मं ताट भाज्या आणि कोशिंबीर, पाव भाग प्रथिनं (डाळी, कडधान्यं, अंडं, मासे, कोंबडी, पनीर यांपैकी काहीही), पाव भाग धान्य, तेही शक्यतो अख्खं. दुसऱ्यांदा वाढायचंच असेल तर धान्य नव्हे, भाजी आणि डाळ. अंडं परत सुरू करा. एका मोठ्या अंड्यात 180 ते 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं आणि दिवसाची मर्यादा 300 आहे. रोज एक अंडं त्यात बसतं, शिवाय सकाळी अंडं खाल्लेल्या मुलाला 11 वाजता बिस्किटं आठवत नाहीत. लोणी, साय, चीज, चरबीदार मांस यांची संपृक्त चरबी एकूण कॅलरीच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवायची, म्हणजे 2,000 कॅलरीला 22 ग्रॅमपर्यंत. बंद करायची गरज नाही, मोजून वापरायची. वनस्पती तुपात आणि पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलात बनलेले बाहेरचे खारे-गोड पदार्थ मात्र खरोखर टाळा. त्यातली ट्रान्स चरबी एलडीएल वाढवते आणि एचडीएल पाडते, दोन्हीकडून नुकसान. तंतू दिवसाला किमान ‘वय अधिक 5’ ग्रॅम, म्हणजे मुलाला 19. ओट्स, जव, राजमा, हरभरे, सफरचंद यांतले विरघळणारे तंतू एलडीएलवर काम करतात. आठवड्यातून दोनदा तेलकट मासे मिळाले तर ट्रायग्लिसराइडसाठी चांगलेच. न खाणाऱ्यांनी जवस आणि अक्रोड घ्यावेत, परिणाम थोडा कमी. 212 ट्रायग्लिसराइडसाठी माशाच्या तेलाच्या कॅप्सूल लागत नाहीत. ‘फॅट बर्नर’ पावडरींना तर हातही लावू नका, त्यातल्या काही अर्कांनी यकृत बिघडतं आणि याचं एएलटी आधीच वर आहे.

सकाळचं खाणं चुकवून ‘तेवढ्याच कॅलरी वाचल्या’ असं होत नाही. त्या रात्री 9 नंतर व्याजासकट परत येतात.

हालचाल रोज 60 मिनिटं, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या जोराची. आठवड्यातून तीन दिवस त्यात स्नायूंना ताण देणारं काही हवं : उठाबशा, भिंतीला टेकून दंड, दोरीवर लोंबकळणं, चढण. एकदम तासभर धावायला लावू नका. पहिले दोन आठवडे 15 मिनिटांच्या दोन खेपा, मग दर आठवड्याला 5-10 मिनिटांनी वाढ. पोहणं आणि सायकल यांत गुडघ्यांवर वजन कमी येतं. रविवारी तीन तास फुटबॉल आणि बाकी आठवडा खुर्चीत, याचा उपयोग फार थोडा. व्यायामाने ट्रायग्लिसराइड उतरतात ते एक-दोन दिवसांपुरते, म्हणून रोज थोडं हेच फायद्याचं.

इथे एक सावधगिरी. जाड किशोरवयीन मूल लंगडायला लागलं, जांघेत, मांडीत किंवा नुसत्या गुडघ्यात दुखतं म्हणालं, तर ‘सवय नाही म्हणून’ असं समजू नका. या वयात आणि या वजनात खुब्याच्या हाडाचं टोक वाढीच्या रेषेवरून घसरू शकतं. दुखणं गुडघ्यात जाणवतं आणि दोष खुब्यात असतो, त्यामुळे गुडघ्याचा एक्स-रे काढून परत पाठवलेली मुलं बरीच असतात. अशा वेळी त्याला चालायला न लावता त्याच दिवशी दोन्ही खुब्यांचा एक्स-रे.

झोप 8 ते 10 तास. फोन रात्री खोलीबाहेर चार्जिंगला, तुमचाही. कमी झोपेत भूक वाढते आणि इन्सुलिनला दाद कमी होते. तो मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडकून दचकत असेल, वर्गात पेंगत असेल तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. या गोष्टी लोक आपण होऊन सांगत नाहीत.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. मुलाचा बीएमआय (किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग) 28.9 येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात 14 वर्षांच्या मुलग्यासाठी स्थूलतेची रेषा साधारण 26ला आहे. मुलांना मोठ्यांचे 25 आणि 30 लावायचे नसतात, वय आणि लिंगानुसार तक्ता बघायचा. आता समजा वर्षभरात उंची 6 सेंटिमीटर वाढली आणि वजन 74च राहिलं, तर बीएमआय 26.9 होतो. 15व्या वर्षी रेषा 27च्या आसपास असते, म्हणजे एक किलोही न उतरवता तो स्थूल गटाच्या काठावर येतो. ‘वजन राहिलं तर’ ही अट मात्र त्यांच्या वाक्यात नाही, आणि काही न बदलता या वयात वजन थांबत नसतं. तेव्हा पहिल्या सहा महिन्यांचं लक्ष्य वजन स्थिर ठेवणं. उतरलंच तर आठवड्याला अर्धा किलोच्या आसपास ठीक, एक किलोच्या वर गेलं तर तो उपाशी राहतोय का ते बघा. कंबरही मोजा : उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे याची 80च्या आत. दोन-तीन आठवड्यांतून एकदा वजन पुरे, रोज काट्यावर चढवू नका.

दुसऱ्या तपासणीबरोबर टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी) आणि लघवीतली प्रथिनं करून घ्या. थायरॉइड मंद असलं किंवा मूत्रपिंडातून प्रथिनं गळत असली तरी लिपिड (कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड) चढतात, आणि मग आहार कितीही सुधारला तरी आकडे हलत नाहीत. तो मुरमांसाठी आयसोट्रेटिनोइन, तोंडाने घेण्याचं स्टेरॉइड, फिटसाठी व्हॅल्प्रोएट किंवा मानसिक आजाराचं ओलान्झापिनसारखं औषध घेत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. औषध स्वतःहून थांबवू नका. रक्तदाब मोजताना पट्टा दंडाला पुरेल एवढा मोठा मागा. छोट्या पट्ट्याने जाड दंडाचा दाब खोटा जास्त येतो. 13 वर्षांनंतर 120/80च्या आत हवा.

मोठ्या दिरांची 51व्या वर्षीची बायपास महत्त्वाची आहे. पुरुषाला 55च्या आत किंवा स्त्रीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो ‘लवकर’ धरतात, आणि काका-आत्या त्या हिशोबात येतात. मिस्टरांचा गोळी सुरू होण्यापूर्वीचा जुना रिपोर्ट शोधा. त्यांचं एलडीएल तेव्हा 190च्या वर असेल तर घराण्यातून येणारं जन्मजात जास्त कोलेस्टेरॉल असू शकतं, आणि ते प्रत्येक मुलाला निम्म्या शक्यतेने मिळतं. मुलाचं 120 पाहता त्याला ते असण्याची शक्यता कमी. मात्र वयात येताना एलडीएल 10 ते 20 टक्के तात्पुरतं उतरतं, म्हणून 17 वर्षांनंतर एकदा परत बघायचं.

मुलांना स्टॅटिन (मिस्टरांच्या गोळीच्या जातीचं औषध) कधी देतात, तर 10 वर्षांनंतर, सहा महिने आहार-व्यायाम नीट करूनही एलडीएल 190 किंवा वर राहिलं तर; तुमच्यासारखा कौटुंबिक इतिहास असेल तर 160 किंवा वर. मधुमेहासारखा मोठा धोका सोबत असेल तर 130पासूनही विचार होतो. सुरुवातीला यकृत आणि स्नायूंची तपासणी, चार ते आठ आठवड्यांनी पुन्हा लिपिड. डब्यातून अर्धी तोडून देण्यात यातलं काहीच होत नाही. ट्रायग्लिसराइड 500च्या वर गेले तर प्रश्न हृदयाचा न राहता स्वादुपिंडाला सूज येण्याचा होतो. तेव्हा सहा महिने थांबायचं नाही, लगेच तज्ज्ञ. आणि सोबत पोटात वरच्या बाजूला जोरात दुखून उलट्या झाल्या तर थेट रुग्णालय. वजनासाठीची इंजेक्शनं (लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड) अमेरिकेत 12 वर्षांपुढे मंजूर आहेत, पण ती आहार-हालचालीच्या जोडीला देतात. आज त्यांचा विचार नको, सहा महिन्यांनी डॉक्टरांशी बोला.

घरात ‘वजन’, ‘जाड’, ‘डाएट’ हे शब्द त्याच्यासमोर टाळा आणि नियम चौघांना सारखे ठेवा. मुलीच्या हातात ज्यूस आणि त्याच्या हातात पाणी असं झालं तर तो लपून खाईल. जेवणानंतर लगेच बाथरूममध्ये जाणं, जेवण टाळण्याच्या सबबी, खोलीत सापडणारी रिकामी पाकिटं, हे दिसलं तर आहाराचा तक्ता बाजूला ठेवून आधी त्याच्याशी आणि डॉक्टरांशी बोला.

हे सगळं वाचून दडपण आलं असेल तर 2011 साली प्रसिद्ध झालेलं, चार दीर्घकालीन अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण सांगतो. लहानपणी वजन जास्त होतं पण मोठेपणी स्थूल राहिले नाहीत, अशा लोकांचा मधुमेह, रक्तदाब आणि बिघडलेल्या लिपिडचा धोका कधीच स्थूल नसलेल्यांइतकाच निघाला. 14व्या वर्षी हे कळणं उशिराचं नाही.

मुलीचं रक्त जरूर तपासा, तिचं वजन ठीक असलं तरी. 9 ते 11 वयात प्रत्येकच मुलाचं एकदा लिपिड पाहावं असं तज्ज्ञ सुचवतात, कारण वयात येण्याआधीचा आकडा जास्त खरा असतो; काकांची बायपास आणि वडिलांची गोळी पाहता तिच्या बाबतीत टाळायचं कारणच नाही. तिला उपाशी ठेवण्याची गरज नाही. नॉन-एचडीएल काढा, 145 किंवा वर आलं तरच उपाशीपोटी पूर्ण तपासणी.